मागे राहणारी रेष

ताईचा फोन आला तेव्हा धाकटा दुकानात एका कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ ब्लोअरनं उडवत होता. त्यानं ब्लोअर बंद करून फोन कानाला लावला.

"रेष मागे राहतेय," ताई म्हणाली. ना कसा आहेस, ना काय चाललंय.

"म्हणजे नेमकं काय होतंय?"

"पेन पुढे जातं आणि रेष मागून रांगत येते. मी पंखाच्या कडेला पोचलेली असते आणि बाईसाहेब अजून मध्यावरच. हात अडकतो माझा. वेळ काढून ये."

धाकट्याला नवल वाटलं नाही. ते मशीन सहा वर्षांपूर्वी त्यानंच जोडून दिलं होतं, आणि सहा वर्षं म्हणजे कॉम्प्युटरचं म्हातारपणच. शिवाय ताईचं काम हलकं नव्हतं. किडे, पानं, बिया, शंख यांची शास्त्राच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात तिची तीस वर्षं गेली होती. आधी शाई आणि ब्रश, गेली पंधरा वर्षं टॅब्लेट आणि पेन. सध्या तिच्याकडे शंभर पतंगांच्या पुस्तकाचं काम होतं. दिव्याभोवती घिरट्या घालतात ते पतंग. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या एका शेजाऱ्यानं तिला विचारलं होतं, त्यात मांजा कसा करायचा तेही देणार का? तिनं चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं होतं, "शेवटच्या प्रकरणात."

एकेका पतंगाची फाइल भिंतीवर लावता येईल एवढी मोठी. तिच्यात एकावर एक दीडशे थर, आणि अंगावरची लव केसागणिक वेगळ्या रेषेनं काढलेली. असल्या फाइलीपुढे जुनं मशीन धापा टाकणारच.

त्याच दिवशी दुपारी तो तिच्याकडे गेला. ताई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती, आणि का पडली नाही हे विचारण्याची घरात कुणाची छाती नव्हती. खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर दोन स्क्रीन, मधे तिरका ठेवलेला टॅब्लेट. भिंतीवर संग्रहालयातून आलेले पतंगांचे फोटो टाचण्यांनी लावलेले.

"बघ," म्हणत तिनं पेन टेकवलं आणि एक लांब वळण काढलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "दिसलं?"

त्याला काही फारसं दिसलं नाही. पण त्यानं मान हलवली, कारण खाली स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याला दुसरंच दिसलं होतं. मेमरी काठोकाठ भरलेली होती. जागा पुरत नाही म्हणून सॉफ्टवेअर अर्धं काम डिस्कवर ढकलत होतं, आणि ती डिस्क जुनी, फिरणारी.

"मेमरी वाढवावी लागेल. चौपट करून टाकतो."

"पाचपट कर, पण लवकर कर. एकोणचाळीस झालेत, एकसष्ट राहिलेत."

दोन दिवसांनी त्यानं मेमरीच्या नव्या पट्ट्या बसवल्या. पूर्वी फाइल उघडेपर्यंत ताईचा चहा पिऊन व्हायचा, आता कपाला हात लावेपर्यंत ती उघडली. चाचणी म्हणून त्यानं स्वतः पेन उचललं आणि एका कोऱ्या थरावर एक लांबलचक गिरगोटी काढली. रेष पेनाला चिकटून पळाली. ताई मागे उभी राहून हसली.

"काय काढलंस हे? गांडूळ?"

"पतंगाचा बाप आहे तो," तो म्हणाला आणि ती गिरगोटी पुसून टाकली.

पंधरा दिवस ठीक गेले. मग पुन्हा फोन. रेष मागेच राहते म्हणे.

या खेपेला त्यानं जुनी डिस्क काढून नवी वेगवान डिस्क घातली. ती मेमरीच्या पट्टीएवढीच, चॉकलेटच्या वडीसारखी. ताईनं ती तळहातावर घेऊन बघितली. "एवढीशी? माझे सगळे किडे हिच्यात मावणार?" सगळे किडे मावले, आणि तरी जागा उरली. मशीन आता बटण दाबल्याबरोबर जागं व्हायचं. ताई म्हणाली, छान झालं. महिन्याभरानं म्हणाली, बाकी सगळं छान आहे रे, पण रेष.

मग ग्राफिक्स कार्ड आलं. खरं तर धाकट्याला ठाऊक होतं की या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा उपयोग चित्र लहान-मोठं करायला, फिरवायला होतो. रेषेला त्याचा फारसा हातभार लागत नाही. हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. नको तो भाग गळ्यात मारत नाही, अशी त्याच्या दुकानाची ख्याती होती. पण बहिणीची तक्रार मिटत नव्हती आणि त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. कार्ड बसवायचं तर वीजपुरवठ्याचा डबा लहान पडला, म्हणून तोही बदलला. डबा बदलला म्हणून पंखा. मग पेनाची टोकं, मग टॅब्लेटची केबल.

"तुमच्या बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये आता जुनं काय राहिलंय?" बायकोनं एकदा विचारलं.

"सुरू करायचं बटण."

"ते कधी बदलताय?"

तो हसला, पण पुढच्याच महिन्यात त्यानं मदरबोर्ड आणि प्रोसेसरही बदलला. चार रात्री वाचून, तुलना करून, एकेका गाभ्याचा, म्हणजे कोअरचा, वेग पाहून निवडलेला प्रोसेसर. रेषेचं काम एकाच गाभ्यावर चालतं, म्हणून गाभे थोडे असले तरी चालतील पण एकेक तेज हवा, असा त्याचा हिशेब होता. चुकीचा नव्हता तो हिशेब. त्याच्या दुकानातून त्या वर्षी बाहेर पडलेलं ते सगळ्यात वेगवान मशीन होतं. ते डिकीत घालून नेताना त्याला मनापासून आनंद झाला होता. लहानपणी त्यानं ताईचं गजराचं घड्याळ उघडून त्याचं वाटोळं केलं होतं, तेव्हा आईच्या हातून त्याला तिनंच वाचवलं होतं. आता कुठे आपण तिच्यासाठी धड काही जोडलं, असं त्याला वाटलं.

पहिल्या फोनला आठ महिने होत आले होते.

मशीन सुरू करून दिल्यावर तो तिच्या शेजारी स्टुलावर बसला. एका स्क्रीनवर तिचा पतंग होता, दुसऱ्यावर त्यानं मशीनची मोजमापं उघडून ठेवली होती. प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती भरलीय, कार्ड किती तापलंय, सगळं आलेखावर दिसत होतं.

"हं, काढ आता. अगदी नेहमीसारखं काम कर."

ताई पंखाच्या कडेची झालर काढू लागली. एक केस, दुसरा केस, तिसरा. धाकटा आलेखाकडे बघत होता. प्रोसेसर शंभरातले सात, आठ, पुन्हा सात. मेमरी पाव भरलेली. कार्ड थंडगार. एवढ्या मोठ्या फाइलीवर काम चाललेलं, आणि मशीन जवळजवळ रिकामं बसलेलं.

"बघ, राहिली मागे," ताई म्हणाली.

त्यानं मान वळवून तिच्या स्क्रीनकडे पाहिलं. पेनाची खूण आणि रेषेचं टोक एकमेकांना चिकटून होतं. मधे फट नव्हती. दोन्ही मिळून हळू चालली होती. मग त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. हात थरथरत नव्हता. पण सुरू व्हायच्या आधी तो थांबत होता, दाराच्या चौकटीत कुणी घुटमळावं तसा, आणि सुरू झाल्यावर प्रत्येक केसागणिक त्याची ओढ आखूड होत जात होती.

"काय रे?" ताईनं विचारलं.

"काही नाही. एक सेटिंग बघावं लागेल. जुन्या रेकॉर्डिंगच्या फाइली देतेस का मला?"

ताई शिकवायलाही जायची. मुलींना दाखवण्यासाठी ती काम करतानाचं स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून ठेवायची. धाकट्यानं तीन वर्षांची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ती बघत बसला. पाचवा पतंग. पंखाची अख्खी कड एका झटक्यात, सपकन, वर जाड आणि टोकाला केसासारखी बारीक. त्या जुन्या, धापा टाकणाऱ्या मशीनवर. त्यानं वेळ लावून मोजलं. मग पंचविसावा, मग चाळिसावा. मग गेल्या महिन्यातला अठ्ठावन्नावा. तेवढ्याच लांबीच्या कडेला आता चौपट वेळ, आणि ती एका झटक्यात नाहीच. चार तुकड्यांत, सांधे दिसू नयेत म्हणून पुन्हा वरून गिरवलेली.

त्याला मेमरी बसवली त्या दिवशीची गिरगोटी आठवली. त्याच्या हाताखाली रेष पळाली होती. ताईच्या हाताखाली पळत नव्हती. उत्तर तिथंच, सुरुवातीलाच समोर येऊन उभं होतं. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर त्यानं दहा मिनिटांत ओळखलं असतं, कारण दुकानात तो आधी विचारायचा की दुसऱ्या माणसानं वापरलं तर काय होतं. बहिणीच्या बाबतीत त्यानं तो प्रश्न विचारलाच नाही.

तीन दिवस तो ताईकडे गेला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला सांगितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"काय वाटलं होतं?"

"त्या मागे आल्या होत्या ना, तेव्हा कुरियरवाल्याच्या कागदावर सही केली. मुंगीएवढी. त्यांची सही कशी असते माहितेय ना? अख्खा कागद खायची. आणि चालताना उजवा हात हलवत नाहीत हल्ली. नुसता लोंबता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, खांदा दुखत असेल. तुम्ही आठवड्याला जाता, तुम्हाला दिसलं असेलच, असंही वाटलं." तिनं ताटातला घास पुन्हा उचलला. "उद्या जा. स्क्रूड्रायव्हर घेऊ नका बरोबर."

तो गेला. दुपारचे चार वाजले होते. ताई टेबलाशी नव्हती. खिडकीपाशी आरामखुर्चीत बसली होती आणि कामाचा स्क्रीन बंद होता. त्याच्या हातात काहीच नाही हे तिनं दार उघडतानाच पाहिलं होतं.

"आज काय बदलायला आलास?"

"ताई, मशीन चांगलं आहे."

"हं."

"पहिल्यापासूनच… म्हणजे मेमरी कमी होती, ते खरं होतं. पण तेवढंच. बाकी तुझा हात…"

ताईनं उजवा हात मांडीवरून उचलला आणि एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"सांग की. हात मागे राहतो."

"तुला माहीत होतं?"

"तू पहिल्यांदा आलास ना, त्याच्याही आधीपासून. भाजी चिरताना. वेणी घालताना. एकदा फळ्यावर लिहीत होते, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, बाई, मोठं काढा, दिसत नाही. मला वाटत होतं मी मोठंच काढलंय." तिनं हात पुन्हा मांडीवर ठेवला. "तू गिरगोटी काढलीस त्या दिवशी, तेव्हा तर पक्कंच झालं. तू पळवलीस रेष."

"मग मला हे सगळं कशाला करायला लावलंस? आठ महिने, ताई. डॉक्टरकडे जायचं सोडून आपण कार्डं बदलत बसलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं-टूं आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"तू नवीन भाग घेऊन यायचास ना," ती म्हणाली, "तेवढे दिवस बिघाड त्याच्यात असायचा. मला बरं वाटायचं. नवीन डिस्क आली, आता बघू. नवीन कार्ड येतंय, आता बघू. परवा तू ते आलेख लावून बसलास आणि तुझा चेहरा उतरला, तेव्हा म्हटलं, संपलं. आता हा काही आणणार नाही."

धाकटा स्टुलावर बसला. त्याला रडू येत होतं आणि ताईपुढे रडायची त्याची सवय चाळीस वर्षांपूर्वी सुटली होती.

"रडू नकोस," ती म्हणाली. "नाहीतर मला तुला समजवावं लागेल, आणि आज मला जमणार नाही."

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी ताईला अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितली. डाव्या हातानं टकटक चाललं. उजव्यानं चारदा झालं आणि मग बोटं जवळजवळ येत चिकटलीच. व्हरांड्यातून चालवून पाहिलं. मग एक कोरा कागद आणि बॉलपेन पुढे केलं.

"एक चक्री काढा. गोगलगायीसारखी. आतून बाहेर, जमेल तेवढी मोठी."

ताईनं काढली. कागदाच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी. सगळे फेरे एकमेकांपासून सारख्या अंतरावर, कुठं डगमग नाही, फक्त बाहेर यायला तयार नसलेले.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. "फार सुबक आहे," त्या म्हणाल्या. "काय काम करता तुम्ही?"

"चित्रं काढते."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. कंपवात.

"पण हात कापत नाही माझा," ताई म्हणाली.

"सगळ्यांचा कापत नाही. काहींना आधी मंदपणा येतो. मनातून हुकूम निघतो, पण हातापर्यंत पोचायला वेळ लागतो."

धाकट्यानं विचारायचं ते विचारलं. आठ महिने आधी आलो असतो तर? डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आजार थांबवणारं औषध आजही नाही, त्या म्हणाल्या; त्रास कमी करणारं आहे, ते लवकर सुरू झालं असतं, एवढाच फरक. "स्वतःला दोष देऊ नका." त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं होतं. घरी येताना गाडीत तो वाक्य उलटसुलट करत राहिला. लवकर सुरू झालं असतं. तेवढ्या महिन्यांत चाळीस ते अठ्ठावन्न हे पतंग झाले होते, आणि त्यातला प्रत्येक तिनं तुकड्या-तुकड्यांनी गिरवून, हातावर चिडून काढला होता. शेजारच्या सीटवर ताई डोळे मिटून बसली होती.

औषधानं फरक पडला. पहिल्या महिन्यात तर एवढा पडला, की ताईनं फोन करून हसत हसत सांगितलं, वेणी घातली. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं हात सुटायचा आणि दोन तास सुटलेला राहायचा. ती सकाळच्या गोळीचे दोन तास पतंगांसाठी राखून ठेवायची. त्या वेळात फोन घ्यायची नाही, दार उघडायची नाही. पण सुटलेला हात आणि पूर्वीचा हात यांत अंतर होतं. पूर्वी आठवड्याला दोन पतंग व्हायचे; आता एकाला दोन आठवडे, कधी अडीच.

धाकटा सॉफ्टवेअर खोदत बसायचा. त्यात रेष सांभाळून घेणारी एक सोय होती. हाताचे झटके ती गाळून टाकायची आणि रेष गुळगुळीत करून द्यायची. त्यासाठी रेषेला पेनाच्या थोडं मागून चालवायची. तेवढं तेज मशीन, आणि आता त्याला मुद्दाम हळू चालायला सांगायचं. ताईनं ती लावून एक मिशी काढली. पतंगाच्या डोक्यावरच्या त्या दोन पिसांसारख्या दांड्यांना ती मिश्याच म्हणायची.

"तार आहे ही," ती म्हणाली. "बंद कर ते. माझं वाकडं चालेल, पण माझं हवं."

तीन महिन्यांत सहा पतंग झाले. चौसष्ट. मग एके दिवशी प्रकाशनाच्या संपादकबाई घरी येऊन गेल्या. फार अवघडून बोलत होत्या बिचाऱ्या. पुस्तक थांबवता येईल, त्या म्हणाल्या, आणखी एक वर्ष. ताईनं बोटांवर मोजलं आणि सांगितलं की एका वर्षानं होणार नाही, दोन वर्षांनीही होईलच असं नाही, आणि तेव्हा हात कसा असेल ते कुणाला माहीत. उरलेले छत्तीस दुसऱ्या कुणी काढावेत. तिची एक जुनी विद्यार्थिनी होती, किड्यांची चित्रं बरी काढायची.

"बरी?" संपादकबाईंनी विचारलं.

"चांगली. मी तिला कधी म्हटलं नाही, एवढंच."

आठवड्याभरानं ताईनं धाकट्याला बोलावून मशीनकडे बोट दाखवलं. "हे तिच्याकडे नेऊन लाव. तिचा लॅपटॉप माझ्या फाइली उघडताना मान टाकतो म्हणे."

"नाही," धाकटा म्हणाला. "ते तुझं आहे. मी तिला दुसरं जोडून देतो."

"त्याला किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

"आणि हे इथं बसून काय करणार? मी त्याच्यावर पत्ते खेळू?"

"सकाळचे दोन तास आहेत ना तुझे अजून."

"ते दोन तास मला दुसऱ्या गोष्टींना हवेत," ताई म्हणाली. "अंघोळ. स्वयंपाक. बटणं लावायची असतात, चिठ्ठ्या लिहायच्या असतात. सगळे चांगले दोन तास किड्यांना देऊन टाकते आणि उरलेला दिवस भाताचं पातेलं उचलायला घाबरते. असं किती दिवस करू?"

त्याला हे ठाऊक नव्हतं. त्यानं वायर काढायला सुरुवात केली. ताई आतल्या खोलीत गेली आणि तो मशीन उचलून लिफ्टपाशी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

विद्यार्थिनी दोन खोल्यांच्या घरात राहायची. पलंगाच्या आणि कपाटाच्या मधे टेबल कसंबसं घुसवलेलं. धाकट्यानं मशीन लावलं, टॅब्लेट जोडला, पेन तिच्या हातात दिलं. तिनं पासष्टाव्या पतंगाचा कच्चा आराखडा उघडला. तो ताईनं आधीच करून ठेवलेला होता. मग तिनं पंखाची कड ओढली. सपकन. वर जाड, टोकाला बारीक.

"अहो, काय पळतंय हे," ती म्हणाली, आणि मग तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिनं पेन खाली ठेवलं. "सॉरी दादा."

"सॉरी काय त्यात. पळायलाच तर जोडलं होतं." तो खाली वाकून उगाच एक वायर नीट करत राहिला. बराच वेळ करत राहिला.

छत्तीस पतंग सात महिन्यांत झाले. त्या सात महिन्यांत विद्यार्थिनीला रोज सकाळी ताईचा फोन जायचा. मिश्या दोन्ही सारख्या का? पाठीवरची लव उलटी का फिरलीय? पंख वाळलेल्या पतंगाचे दिसतात, जिवंत पतंगाचे का दिसत नाहीत? विद्यार्थिनी पलीकडून नुसती "हो बाई, हो बाई" करायची. धाकटा कधी ताईकडे असला तर तो हे ऐकत बसायचा. आवाज तेवढा अजून जुना होता, वर्गातला.

मग छपाईआधीचे कागद तपासायला आले. शंभर पानं, जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये. पानं उलटायला ताईला जमत नव्हतं, म्हणून धाकटा शेजारी बसून एकेक पान पुढे करत होता. ताईच्या डाव्या हातात लाल पेन्सिल होती. डाव्यानं खूण करायला ती शिकली होती. विद्यार्थिनीच्या अकरा चित्रांवर तिनं खुणा केल्या, बारीकसारीक. मग ताईनं स्वतःची शेवटची पानं पुन्हा मागितली, आणि बासष्टाव्याशी ती थांबली. पेन्सिल पानावर टेकवून तिनं एक फुली मारली. पुढचं पान पाहिलं, ते सोडलं. चौसष्टाव्यावर पुन्हा फुली.

"हे दोन तिला नव्यानं काढायला सांग."

धाकट्यानं पान पुढे केलं नाही. चौसष्टाव्याला अठरा दिवस लागले होते. शेवटच्या दिवशी गोळीचा असर उतरला तरी ती उठली नव्हती, आणि त्याच्या बायकोनं तिला हाताला धरून खुर्चीतून उठवलं होतं.

"ताई, राहू दे हे. कुणाला कळणार आहे?"

"मिश्या बघ."

"तुझं शेवटचं आहे ते."

"ते मला माहितेय. तू मिश्या बघ."

त्यानं चष्मा लावून पान खिडकीकडे धरलं. डावी मिशी झुकलेली, एकेक तंतू सुटा, वाऱ्यानं हलेल अशी. उजवीचे तंतू मधेच आखडले होते आणि टोकाकडे ते एकमेकांत मिसळून नुसती काळपट रेघ झाली होती. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग पान खुणा केलेल्या अकरा पानांच्या गठ्ठ्यात ठेवलं, त्याच्यावर बासष्टावं ठेवलं, आणि विद्यार्थिनीला फोन लावून ताईच्या कानाशी धरला.